दिसणे, राहणे आणि सांगणे : सबोध संवेदन व कार्यकारी स्मृती यांच्या संबंधाची चिकित्सा

१

"दिसले तर सारे होते, पण सांगता येत नाही," असे माणूस व्यवहारात सहज बोलून जातो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु मानसशास्त्रात १९६० पासून आणि तत्त्वज्ञानात विशेषतः १९९५ पासून जो एक वाद चालत आलेला आहे, त्याचा बराचसा भार या साध्या वाक्याच्या अर्थावर पडलेला आहे. सबोध संवेदन, म्हणजे ज्याची जाणीव होते असे पाहणे वा ऐकणे, हे स्मृतीत जेवढे टिकते तेवढेच असते की त्याहून अधिक असते, हा तो वाद होय.

येथे 'स्मृती' या शब्दाने वर्षानुवर्षे टिकणारी आठवण अभिप्रेत नाही. तोंडी गुणाकार करताना मधले आकडे जेथे धरून ठेवले जातात, किंवा लांब वाक्य ऐकताना त्याचा आरंभ शेवटापर्यंत जेथे जपला जातो, ती काही क्षणांपुरती व्यवस्था येथे अभिप्रेत आहे. तिला कार्यकारी स्मृती म्हणता येईल. अॅलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिची जी मांडणी केली, तीनुसार ती केवळ साठवणीची जागा नसून, साठवलेल्यावर काम करणारी यंत्रणा आहे. तिची धारणक्षमता अल्प आहे, याविषयी दुमत नाही. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास आकडा सांगितला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. डोळ्यांपुढचे जग मात्र चार वस्तूंचे वाटत नाही. ते भरगच्च वाटते. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हा मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे देण्यात आली आहेत. ती दोन्ही एकाच पुराव्यावर उभी आहेत आणि त्या पुराव्याला जेवढे सिद्ध करता येते त्याहून अधिक त्याच्याकडून वदवून घेतात, असे दाखविणे हा या विवेचनाचा हेतू आहे. हा केवळ शब्दांचा खल नव्हे. बोलू न शकणाऱ्या माणसाला जाणीव आहे की नाही याचा निर्णय आज रुग्णालयांतून ज्या पद्धतीने केला जातो, तिच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे.

२

वादाचा आधारभूत प्रयोग जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी सुमारे ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, दाखविल्या जात. दिसलेली सर्व अक्षरे लिहा, असे सांगितल्यास माणसे सरासरीने चार ते पाच अक्षरे बरोबर लिहीत. अक्षरे वाढविली तरी ही संख्या फारशी वाढत नसे. तथापि, लिहिता आली त्यापेक्षा अधिक अक्षरे आपण पाहिली होती, असे ही माणसे आग्रहाने सांगत.

या आग्रहाची परीक्षा करण्यासाठी स्पर्लिंग यांनी एक सोपी युक्ती योजिली. चार-चार अक्षरांच्या तीन ओळी दाखवून झाल्यावर लगेच उंच, मध्यम किंवा खालच्या पट्टीतील एक स्वर वाजविला जाई आणि त्या स्वराने सुचविलेली एकच ओळ लिहावयाची असे. कोणती ओळ विचारली जाईल हे आधी ठाऊक नसतानाही माणसे त्या ओळीतील चारपैकी सुमारे तीन अक्षरे बरोबर सांगत. विचारलेली ओळ कोणतीही असू शकत होती. म्हणून बारांपैकी सुमारे नऊ अक्षरांची माहिती त्या क्षणी मनात उपलब्ध असली पाहिजे, असा हिशेब निघाला. स्वर उशिरा वाजविल्यास हा लाभ भराभर ओसरे, आणि एक सेकंदाच्या अंतराने तो जवळजवळ नाहीसा होई.

या प्रयोगाने काय सिद्ध झाले हे प्रथम नेमके सांगितले पाहिजे. अक्षरे नाहीशी झाल्यावरही काही दशांश सेकंद त्यांची विपुल माहिती शिल्लक असते आणि त्या साठ्यातून थोडाच भाग कार्यकारी स्मृतीत पोचतो, एवढे सिद्ध झाले. या अल्पजीवी साठ्याला पुढे उल्रिक नायसर यांनी १९६७ मध्ये प्रतिमारूप स्मृतीचे नाव दिले. त्या साठ्यातील माहितीची जाणीव होती की नाही, हा प्रश्न मात्र प्रयोगाच्या आकड्यांत कोठेही नाही. तो केवळ माणसांच्या त्या आग्रही विधानात आहे.

३

तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी १९९५ मध्ये जाणिवेचे दोन प्रकार वेगळे केले. एखादा अनुभव कसा वाटतो, ही एक अनुभवरूप जाणीव. आणि त्या अनुभवातील आशय विचाराला, निर्णयाला व बोलण्याला उपलब्ध असणे, ही दुसरी, विनियोगरूप जाणीव. २००७ मध्ये त्यांनी स्पर्लिंग यांच्या प्रयोगाच्या आधारे असा सिद्धांत मांडला की अनुभवरूप जाणीव ही विनियोगरूप जाणिवेपेक्षा मोठी असते. पहिलीचे पाणी दुसरीच्या भांड्यातून ओसंडून वाहते. त्यांना आणखी एका प्रयोगाचा आधार होता. रॉजियर लँडमन, हेंक स्पेक्रेसे व व्हिक्टर लामे यांनी २००३ मध्ये आठ आयतांची आकृती दाखविली आणि ती गेल्यावर, दुसरी आकृती येण्यापूर्वीच्या रिकाम्या अवधीत एका आयताकडे निर्देश केला. असा निर्देश मिळाल्यास सेकंदाहून अधिक काळ लोटल्यावरही माणसांना जवळजवळ सर्व आयतांची दिशा सांगता येण्याजोगी होती. निर्देश नसेल तर मात्र सुमारे चारच आयतांची.

दुसऱ्या पक्षाची भूमिका बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या आणि स्तानिस्लास देहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मेंदूविज्ञानाच्या आधारे विकसित केलेल्या कल्पनेतून येते. तीनुसार मेंदूत एक सामाईक व्यासपीठ असते. जी माहिती तेथे पोचून सर्व यंत्रणांना खुली होते, तिचीच जाणीव होते. जे पोचत नाही ते फार तर जाणिवेच्या उंबरठ्यावर थांबलेले असते. 'सर्व दिसले' हा माणसांचा समज या पक्षाच्या मते भ्रम होय. मायकेल कोहेन व डॅनियल डेनेट यांनी २०११ मध्ये आणखी पुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, ज्या अनुभवाचा कोणत्याही कार्याशी संबंध उरत नाही, अशा अनुभवाविषयी शास्त्राला काही म्हणता येणे शक्य नाही.

एका पक्षाने माणसांची साक्ष अक्षरशः खरी मानली, दुसऱ्याने ती खोटी ठरविली. परंतु त्या साक्षीचा अर्थ काय, हे ठरविण्याचे काम दोघांनीही पुरेशा काळजीने केले आहे असे म्हणता येत नाही.

४

मराठीतील 'बारा अक्षरे दिसली' हे वाक्य घ्यावे. त्याचे निदान तीन अर्थ संभवतात. पहिला समूहार्थ : बारा अक्षरांचा एक समुदाय दिसला. दुसरा प्रत्येकार्थ : बारांपैकी एकेक अक्षर वेगळे असे दिसले. तिसरा विशेषार्थ : एकेक अक्षर अमुक अक्षर आहे अशा रूपाने दिसले. 'पटांगणावर तीनशे मुले दिसली' असे सांगणारा शिक्षक खोटे बोलत नसतो. पण 'त्यांत अमक्याचा चेहरा कसा होता' असे विचारल्यास त्याला उत्तर देता येणार नाही, आणि त्यामुळे त्याचे पहिले विधान खोटेही ठरणार नाही. 'सारी मुले दिसली' आणि 'प्रत्येक मूल दिसले' या वाक्यांतील फरक कोणत्याही मराठी भाषिकाला न शिकविता कळतो. पहिल्यावरून दुसरे निष्पन्न होत नाही.

स्पर्लिंग यांच्या प्रयोगातील माणसांची साक्ष समूहार्थाने घेतली तर ती पूर्णतः खरी असू शकते, आणि तरीही तिच्यावरून ब्लॉक यांचा सिद्धांत निघत नाही. त्या सिद्धांताला विशेषार्थ हवा आहे. बारा अक्षरांची विशिष्ट रूपे जाणिवेत होती आणि त्यांतील चारच सांगता आली, असे असेल तरच अनुभव 'ओसंडला' असे म्हणता येईल. सामान्य रूपाचे दिसणे आणि विशिष्ट रूपाचे दिसणे हा भेद ब्लॉक यांनी स्वतःही विचारात घेतला आहे, हे त्यांच्याविषयी न्याय राखून सांगितले पाहिजे. परंतु दिसणे विशिष्ट रूपाचेच होते या त्यांच्या निष्कर्षाला साक्षीचे शब्द पुरत नाहीत.

या भाषिक शंकेला प्रयोगांचे पाठबळही मिळालेले आहे. व्हँसां द गार्देल, जेरोम सॅकुर व सिद कुइदर यांनी २००९ मध्ये स्पर्लिंग यांच्या धर्तीच्या आकृत्यांत, न विचारलेल्या ओळींत काही ठिकाणी खऱ्या अक्षरांऐवजी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या बनावट खुणा घातल्या. माणसे तेथेही खरीच अक्षरे पाहिल्याचे सांगत. अक्षरांचा समुदाय दिसल्याची खात्री आणि प्रत्येक अक्षराच्या रूपाचे ज्ञान, या गोष्टी एकत्र जातातच असे नाही, हे यावरून उघड होते. जेथे ज्ञान अपुरे होते तेथे अपेक्षेने ते भरून काढले.

याउलट झोहर ब्रॉन्फमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे दाखविले की, एका ओळीतील अक्षरे लक्षात ठेवण्याचे काम दिलेले असतानाही, दुर्लक्षित ओळींतील रंगांत वैविध्य अधिक होते की कमी, हे माणसांना सांगता येते. आणि त्यासाठी अक्षरांच्या स्मरणात तूट येत नाही. अनुभव स्मृतीहून मोठा असल्याचा हा पुरावा म्हणून मांडला गेला. परंतु एमिली वॉर्ड, अॅडम बेअर व ब्रायन शोल यांनी २०१६ मध्ये त्यावर मार्मिक उलटतपासणी केली. प्रयोगाच्या मध्येच प्रत्येक अक्षराचा रंग बदलला, मात्र रंगांचे एकंदर वैविध्य तेच ठेवले, तर माणसांना तो बदल मुळीच उमगत नसे; वैविध्याविषयीचे उत्तर मात्र बरोबर येई. म्हणजे समूहाचा गुण घटकांच्या जाणिवेवाचून दिसू शकतो. वाक्यार्थात जो भेद व्याकरणाने आढळतो, तो संवेदनातही आहे.

क्रियापदाकडेही लक्ष दिले पाहिजे. मराठीत 'पाहणे' आणि 'दिसणे' ही क्रियापदे एकमेकांची पर्यायी नव्हेत. पाहणारा कर्ता असतो. ज्याला दिसते तो 'मला', 'त्याला' अशा रूपात येणारा अनुभविता असतो. 'मुद्दाम पाहिले' म्हणता येते. 'मला मुद्दाम दिसले' म्हणता येत नाही. 'पाहिले पण दिसले नाही' हे वाक्य मराठीत विरोधाभास न वाटता उच्चारता येते, आणि डॅनियल सायमन्स व ख्रिस्तोफर शॅब्रिस यांचा १९९९ चा प्रसिद्ध प्रयोग या वाक्याचे उदाहरणच होय. चेंडूच्या फेकी मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना दृश्याच्या मध्यातून चालत गेलेला गोरिलाचा वेष दिसला नाही. त्यांची दृष्टी तेथे नव्हती असे म्हणता येत नाही; अवधान मात्र नव्हते. प्रयोगात भाग घेणाऱ्याला 'काय पाहिले' असे विचारले की 'काय दिसले' असे विचारले, यावर उत्तराचा अर्थ अवलंबून राहतो.

५

दुसरी अडचण काळाची आहे. स्पर्लिंग यांच्या प्रयोगात स्वर वाजण्यापूर्वीच सर्व अक्षरांची जाणीव झालेली होती आणि स्वराने तिच्यातील एक भाग फक्त उचलला, असे ब्लॉक यांचा युक्तिवाद गृहीत धरतो. परंतु स्वरानेच त्या ओळीला जाणिवेत आणले नसेल कशावरून? इयन फिलिप्स यांनी २०११ मध्ये हीच हरकत घेतली. पुढे येणारी घटना मागच्या क्षणाच्या अनुभवाला आकार देते, हे श्रवणाच्या बाबतीत भाषाशास्त्राला परिचित आहे. वाक्यातील संदिग्ध ध्वनी पुढच्या शब्दामुळे निश्चित होतो आणि ऐकणाऱ्याला तो आरंभापासूनच तसा ऐकू आला असे वाटते.

क्लेअर सर्जां व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या शंकेला प्रत्यक्ष आधार दिला. पडद्यावर अत्यंत फिकट रेषांची आकृती क्षणमात्र दाखवून, ती गेल्यानंतर ४०० मिलिसेकंदांपर्यंत तिच्या जागेकडे लक्ष वेधले, तर ती दिसल्याचे सांगण्याचे प्रमाण वाढे. निर्देश नसता तर जी आकृती दिसली नसती, ती निर्देशामुळे, नाहीशी झाल्यावर, दिसली. येथे मागे राहिलेल्या ठशाला जाणीव नंतर प्राप्त झाली, असे म्हणावे लागते. तसे असेल तर स्वरापूर्वी नऊ अक्षरांची माहिती मनात होती, एवढेच स्पर्लिंग यांच्या आकड्यांवरून म्हणता येईल. नऊ अक्षरांची जाणीव होती, असे म्हणता येणार नाही. अर्थात जाणीव नव्हती असेही यावरून सिद्ध होत नाही, हे दुसऱ्या पक्षाने विसरता कामा नये.

'ओसंडणे' या रूपकाविषयीही येथेच बोलणे योग्य ठरेल. भांडे ओसंडून वाहते असे म्हणण्यासाठी भांड्याला निश्चित काठ असावा लागतो. कार्यकारी स्मृतीला चार कप्पे आहेत असे मानले तर असा काठ सापडतो. परंतु पॉल बेज व मसूद हुसेन यांनी २००८ मध्ये दाखविल्याप्रमाणे, स्मृती कप्प्यांची नसून एका मर्यादित शक्तीची वाटणी आहे असेही मानता येते. वस्तू वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला येणारा नेमकेपणा घटतो, वस्तू एकदम बाहेर पडत नाहीत. ही मांडणी खरी असेल, तर बारा अक्षरांचा अंधुक आशय स्मृतीतही असू शकेल. मग जाणीव विपुल पण स्मृती दरिद्री, ही विभागणीच निराधार होते.

६

विपुलतेच्या पक्षाचा युक्तिवाद असा अपुरा ठरला, म्हणून जाणीव म्हणजे कार्यकारी स्मृतीतील आशय, हे समीकरण आपोआप सिद्ध होत नाही. त्याचीही तपासणी केली पाहिजे.

जे टिकते ते जाणिवेत असते का? डेव्हिड सोटो, तेमू मँतुला व युहा सिल्वांतो यांनी २०११ मध्ये झाकोळून टाकलेली रेषाकृती दाखवून तिची दिशा स्मरणात ठेवण्यास सांगितले. 'काहीच दिसले नाही' असे ज्या वेळी माणसांनी सांगितले, त्या वेळीही नंतरच्या आकृतीशी तुलना करताना त्यांची उत्तरे केवळ अंदाजाने येतील त्याहून अधिक बरोबर आली. या निष्कर्षावर आक्षेप घेतले गेले आहेत. अंधुक दिसलेल्यालाही माणसे 'दिसले नाही' म्हणत असतील, हा त्यांतील एक प्रमुख आक्षेप असून येथेही सारा प्रश्न पुन्हा साक्षीच्या शब्दांवरच येऊन थांबतो. तरीही, धारण आणि जाणीव ही एकच गोष्ट आहे असे निःशंकपणे म्हणता येत नाही, एवढे मान्य करावे लागेल.

आणि ज्याची जाणीव होते ते टिकतेच का? येथे श्रवणाचे उदाहरण अधिक बोलके आहे. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये लोकांना सलग उतारा ऐकविला आणि मध्येच थांबवून, आता ऐकविलेले वाक्य पूर्वी ऐकलेलेच आहे की बदललेले, असे विचारले. वाक्य संपताच विचारले तर शब्दरचनेतील बदल लोकांना ओळखता येत. सुमारे २७ सेकंदांचा मजकूर मध्ये गेल्यावर अर्थातील बदल ओळखता येत, परंतु अर्थ तोच ठेवून केलेला रचनेतील बदल ओळखण्याची शक्ती बहुतांशी ओसरलेली असे. ती रचना ऐकताना जाणिवेत नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. ती होती, तिचे कार्य झाले आणि ती विरली. जाणिवेत असणे, त्या क्षणी उपलब्ध असणे आणि नंतर शिल्लक राहणे, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. कार्यकारी स्मृतीचा निर्देश करताना यांपैकी दुसरी अभिप्रेत की तिसरी, हे सांगण्याची काळजी दोन्ही पक्षांच्या लेखनात नेहमी घेतलेली दिसत नाही.

भारतीय शास्त्रपरंपरेत हा प्रश्न शब्दज्ञानाच्या निमित्ताने फार पूर्वी उपस्थित झाला होता. शब्दातील वर्ण एकापाठोपाठ उच्चारले जातात आणि उच्चारताच नाहीसे होतात. मग संपूर्ण शब्दाचे ज्ञान कसे होते? शबरस्वामींचे उत्तर असे की, मागील वर्णांचे संस्कार उरतात आणि त्या संस्कारांसह शेवटचा वर्ण अर्थ देतो. भर्तृहरीने तेवढ्यावर समाधान न मानता, संस्कारांनी परिपक्व झालेल्या बुद्धीत अखंड शब्द प्रकट होतो असे मानले. आधुनिक प्रयोगांचे निष्कर्ष या ग्रंथांतून काढून दाखविणे अनुचित होईल. त्यांचा विषय व हेतू वेगळा होता. परंतु त्यांच्या पद्धतीतील एक शिस्त आजही अनुकरणीय आहे. नव्यन्यायाने नाम-जाती इत्यादी विशेषणांवाचूनचे निर्विकल्पक ज्ञान मानले. मात्र त्या ज्ञानाची जाणीव ज्ञात्याला होते असे मानले नाही. सविकल्पक ज्ञानाची उपपत्ती लागावी म्हणून ते अनुमानाने स्वीकारले. ज्याची साक्ष देता येत नाही त्याच्यासाठी साक्षीदार उभा केला नाही. ब्लॉक यांच्या युक्तिवादात मात्र, जे सांगता येत नाही त्याच्या अस्तित्वासाठी सांगणाऱ्याचीच साक्ष काढली जाते.

७

आतापर्यंतची चर्चा प्रयोगशाळेतील अक्षरांविषयी झाली. तेथे भाग घेणारी माणसे निरोगी असतात आणि त्यांना बोलता येते. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या बाबतीत दिसणे, राहणे व सांगणे यांचा घोटाळा अधिक महागात पडतो.

मेंदूला गंभीर इजा झालेले काही रुग्ण डोळे उघडतात, परंतु कोणत्याही आज्ञेला प्रतिसाद देत नाहीत. अशा एका २३ वर्षांच्या स्त्रीवर एड्रियन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले निरीक्षण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. टेनिस खेळत असल्याची, आणि मग आपल्या घरातील खोल्यांतून फिरत असल्याची कल्पना करण्यास तिला सांगण्यात आले. तिच्या मेंदूतील हालचाल निरोगी माणसांसारखीच आढळली. मार्टिन मॉन्टी व इतरांच्या २०१० च्या अभ्यासात ५४ रुग्णांपैकी ५ जणांना असे करता आले. येलेना बोडियन व सहकाऱ्यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून व्यापक आहे. आज्ञेला बाहेरून काहीही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या, म्हणजे सुमारे २५ टक्क्यांच्या, मेंदूत आज्ञेप्रमाणे प्रतिसाद आढळला.

या संशोधनाचे मोल मोठे आहे. परंतु ही परीक्षा रुग्णाकडून काय मागते, याचा विचार केला पाहिजे. त्याने भाषा ऐकावी, तिचा अर्थ लावावा, आज्ञा धरून ठेवावी, आणि कल्पना काही सेकंद टिकवून, थांबवून, पुन्हा सुरू करावी. ही कार्यकारी स्मृतीची आणि भाषेची परीक्षा आहे. ती जो उत्तीर्ण होतो त्याला जाणीव आहे, असे म्हणण्यास भक्कम आधार मिळतो. जो उत्तीर्ण होत नाही त्याच्याविषयी काय म्हणावे? त्याच २०२४ च्या अभ्यासात याचे अप्रत्यक्ष उत्तर आहे. खाटेजवळ उभे राहून दिलेल्या आज्ञा जे उघडपणे पाळत होते, अशा ११२ रुग्णांपैकी केवळ ४३ जणांच्या, म्हणजे सुमारे ३८ टक्क्यांच्या, मेंदूत यंत्राला प्रतिसाद आढळला. ज्यांना जाणीव होती हे प्रत्यक्ष दिसत होते, त्यांच्यातील बहुसंख्यही या परीक्षेत अनुत्तीर्ण ठरले.

जाणीव म्हणजे कार्यकारी स्मृतीतील आशय, असे समीकरण एकदा व्याख्येतच घातले, तर परीक्षेतील अपयश हा जाणिवेच्या अभावाचा पुरावा होऊन बसतो. मेंदूच्या आघाताने वाचा व आकलन गमावलेला रुग्ण आज्ञा समजू शकत नाही. त्याला वेदना होत नाहीत असे त्यावरून ठरविता येत नाही. उलट, अनुभव साक्षीवाचूनही कोठेही विपुल असू शकतो असे मानले, तर कोणत्याही परीक्षेला अर्थ राहत नाही आणि आशेने बसलेल्या आप्तांना काय सांगावे हे वैद्यालाही कळेनासे होते. दोन्ही टोके माणसाच्या हिताची नाहीत.

८

या चिकित्सेतून जो निष्कर्ष निघतो तो मर्यादित आहे. कार्यकारी स्मृती ही साक्षीची अट आहे. ज्याला धरून ठेवता येत नाही त्याविषयी बोलता येत नाही. परंतु साक्षीची अट हीच अनुभवाची अट आहे, असे दाखविणारा पुरावा उपलब्ध नाही. त्याचप्रमाणे, साक्षीपलीकडचा विपुल अनुभव आहे असे ज्याला म्हणावयाचे असेल, त्याने तो साक्षीच्या शब्दांतून काढून दाखविता कामा नये; अन्य मार्गाने, अनुमानाने, सिद्ध केला पाहिजे. स्पर्लिंग यांचा प्रयोग आपल्या जागी निर्दोष आहे. दोष त्याच्यावर उभारलेल्या अर्थांत आहे.

या क्षेत्रात संशोधन करू इच्छिणाऱ्याने, निदान मराठी भाषिकांवर प्रयोग करताना, प्रश्नाचे वाक्य आणि उत्तराचे वाक्य जसेच्या तसे नोंदवावे व छापावे. 'काय पाहिले', 'काय दिसले', 'काय काय दिसले' आणि 'प्रत्येक अक्षर दिसले का' हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे एका स्तंभात मिळविण्याजोगी नाहीत. अक्षरांच्या संख्येइतकीच काळजी या शब्दांची घेतली गेली, तर या वादातील पुष्कळसा भाग आपोआप गळून पडेल. आणि जो उरेल तो खरोखरच जाणिवेविषयीचा असेल.